चिन्ह तेच, अर्थ निराळा : जुन्या ट्रॅकर-संगीताचा एक अभ्यास

गाणे जतन करून ठेवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत म्हणजे गायलेले गाणे जसेच्या तसे मुद्रित करून ठेवणे. ग्रामोफोनची तबकडी, टेपची फीत आणि आजच्या मोबाइलमधील ध्वनिफाइल ही सारी या जातीची होत. दुसरी रीत म्हणजे गाणे कसे गावे अथवा वाजवावे याच्या सूचना लिहून ठेवणे. स्वरलिपी ही त्या जातीची. पहिल्या रीतीत यंत्राने केवळ ऐकवावयाचे असते. दुसरीत मात्र वाचणारा लागतो, आणि त्या वाचणाऱ्यास चिन्हांचा अर्थ ठाऊक असावा लागतो. तो अर्थ चुकला, की लिहिणाऱ्याचा काडीमात्र दोष नसता गाणे बिघडते.

संगणकाच्या जगात 'ट्रॅकर-संगीत' नावाचा या दुसऱ्या जातीचा एक प्रकार आहे. १९८७ पासून पुढे दहा-बारा वर्षे युरोपातील तरुणांत त्याचा मोठा प्रसार होता आणि आजही त्याचे चाहते आहेत. त्या काळच्या फाइली आज वाजवू गेले असता कित्येकदा गती बिघडते, सूर भलतीकडे जातो, एखादे वाद्य मुके होते, किंवा फाइल उघडतच नाही. असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय वरवर पाहता परमुलखातला आणि यंत्रांचा आहे, हे खरे. परंतु त्यातून निघणारा धडा आपल्या घरच्या कपाटापर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांपुढे तो मांडण्याचे आम्ही योजिले आहे. संगणकाचे पूर्वज्ञान येथे गृहीत धरलेले नाही. बेरीज-गुणाकार येणाऱ्या कोणासही हा लेख समजावा, अशी खटपट केली आहे.

१. ट्रॅकर म्हणजे काय?

१९८५ साली कमोडोर या कंपनीने 'अमिगा' नावाचा संगणक बाजारात आणला. त्यात ध्वनीसाठी 'पॉला' नावाची एक चिप होती. ही चिप एका वेळी चार आवाज काढू शके. त्यांपैकी पहिला व चौथा डाव्या कर्ण्यातून निघे, दुसरा व तिसरा उजव्या कर्ण्यातून. प्रत्येक आवाजाची पट्टी शून्यापासून चौसष्टपर्यंत लहानमोठी करता येत असे. एवढीच सामग्री. पण तेवढ्या सामग्रीवर १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की या जर्मन गृहस्थाने 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला, आणि पुढच्या साऱ्या ट्रॅकरांचा तो मूळपुरुष ठरला.

ट्रॅकरमध्ये गाणे लिहितात ते हिशेबाच्या वहीसारखे. पडद्यावर चार उभे रकाने असतात, चार आवाजांसाठी चार. वरून खाली चौसष्ट ओळी असतात. प्रत्येक घरात तीन गोष्टी लिहावयाच्या: कोणता स्वर, कोणत्या क्रमांकाचे वाद्य, आणि स्वराला वळण देणारी एखादी आज्ञा. स्वर हळूहळू चढव, कंप दे, आवाज उतरव, गती बदल, अशा या आज्ञा. चौसष्ट ओळींच्या अशा एका पानास 'पॅटर्न' म्हणतात. कोणत्या पानानंतर कोणते पान वाजवावे याची एक यादी निराळी असते. ध्रुवपद पुन्हा लिहीत बसावे लागत नाही. त्या पानाचा क्रमांक यादीत पुन्हा घातला की झाले.

स्वरलिपीच्या वहीपेक्षा येथे एक गोष्ट अधिक आहे. वाद्यांचे आवाजही फाइलीतच बांधून दिलेले असतात. ढोलाची एक थाप, सतारीची एक छेड, माणसाच्या गळ्यातला एक हुंकार असे लहान लहान तुकडे मुद्रित करून ठेवतात. त्यांस 'सॅम्पल', म्हणजे नमुने, म्हणतात. एकच नमुना जलद वाजविला की स्वर चढतो, सावकाश वाजविला की उतरतो. वही आणि वाद्ये एकाच गाठोड्यात बांधलेली ही फाइल 'मॉड्यूल' या नावाने, आणि थोडक्यात 'मॉड' या नावाने, ओळखली जाते.

गाठोड्याची बांधणी कशी असते ते पाहणे उद्बोधक आहे. प्रारंभी गाण्याचे नाव, २० बाइट. नंतर ३१ नमुन्यांची माहिती, प्रत्येकी ३० बाइट, म्हणजे ९३०. मग दोन सुटे बाइट, आणि पानांच्या क्रमाची यादी १२८ बाइट. बेरीज १०८० होते. त्यापुढे चार अक्षरांची एक खूण: एम, टिंब, के, टिंब. मग पाने येतात. एका घराला ४ बाइट, एका ओळीत ४ घरे, पानात ६४ ओळी. तेव्हा एक पान बरोबर १०२४ बाइटांचे. शेवटी नमुने. हा सारा हिशेब इतका नेटका आहे, की याच्या वाचनात घोटाळा होण्यास जागाच कोठे आहे, असे कोणासही वाटावे.

२. वहीत न लिहिलेली गोष्ट

आपल्या घरोघरी आजीच्या हातची पाककृतींची वही असते. तीत 'एक वाटी रवा, पाऊण वाटी साखर' असे लिहिलेले असते. पण वाटी कोणती? आजीला हा प्रश्न कधी पडला नाही, कारण वाटी तिच्या फडताळात होती. वही सुनेच्या हाती आली, फडताळ बदलले, आणि शिरा बिघडू लागला. वहीत चूक एकही नाही. वहीबाहेर जे होते ते हरवले.

मॉड-फाइलीचे नेमके हेच झाले. तिची 'वाटी' अमिगाच्या यंत्रात होती.

प्रथम घड्याळ घ्या. ट्रॅकरला गाण्याचा ठेका धरावयास एक नियमित टिकटिक लागते. सुरुवातीच्या प्रोग्रॅमांनी ती दूरदर्शनच्या पडद्याकडून घेतली. युरोपात पडद्यावरचे चित्र सेकंदास ५० वेळा नव्याने रेखले जाई, अमेरिकेत ६० वेळा. दर सहा टिकटिकींना एक ओळ असे ठरविले, तर ६४ ओळींचे पान युरोपात ७.६८ सेकंदांत संपे आणि अमेरिकेत ६.४ सेकंदांत. तेच गाणे समुद्रापलीकडे गेले की वीस टक्क्यांनी वेगवान होई. फाइलीत 'मी पन्नासाच्या मुलखातली' असे कोठेही लिहिलेले नसे. लिहिणाऱ्याच्या खोलीत जो पडदा होता तोच त्याला साऱ्या जगाचा पडदा वाटला.

स्वरांचेही तसेच. फाइलीत स्वर 'सा' अथवा 'रे' असा लिहिलेला नसतो; तेथे एक भाजक असतो. पॉला चिपच्या मूळ ठोक्याला त्या भाजकाने भागले, की नमुना सेकंदास किती वेगाने वाजवावयाचा ते निघते. मधल्या सप्तकाच्या पहिल्या स्वराचा भाजक ४२८ आहे. युरोपीय यंत्राचा ठोका सेकंदास ३५,४६,८९५. त्याला ४२८ ने भागले तर सुमारे ८,२८७ येतात. अमेरिकन यंत्राचा ठोका ३५,७९,५४५. तेथे सुमारे ८,३६३ येतात. फरक एक टक्क्याहूनही कमी आहे, एकट्या गाण्यात तो कळणार नाही. पण मूळ यंत्रावर केलेल्या ध्वनिमुद्रणाशेजारी तीच फाइल वाजविली, तर कसलेल्या कानास तो बोचतो.

तिसरी गोष्ट नाद. अमिगात आवाजाचा तीक्ष्णपणा मारणारी एक गाळणी होती आणि ती उघडण्या-मिटण्याची आज्ञा गाण्यात लिहिता येत असे. ज्या प्लेअरला, म्हणजे वाजविणाऱ्या प्रोग्रॅमला, ही गाळणीच नाही, त्याने त्या आज्ञेचे काय करावे? तो ती गिळून टाकतो, आणि रचनाकाराने मुद्दाम मऊ केलेला आवाज कर्कश निघतो. उलट, आजचे पुष्कळसे प्लेअर नमुन्यांच्या कडा आपण होऊन गुळगुळीत करतात. हेतू चांगला असतो. परंतु ज्या खरखरीवरच एखाद्याने आपला ढोल उभा केला, ती खरखर घासून काढली की ढोल मेला. तसेच डाव्या-उजव्याचे. कर्ण्यांतील मूळ विभागणी खोलीत सुखावह वाटते. कानाला लावावयाच्या हेडफोनवर मात्र अर्धे गाणे एका कानात आणि अर्धे दुसऱ्या कानात, असे होऊन डोके दुखू लागते. म्हणून प्लेअर दोन्ही बाजू थोड्या मिसळून देतात. हा फेरफार न्याय्य आहे, पण तो फेरफार आहे हे ऐकणाऱ्यास ठाऊक असावे.

३. चिन्ह तेच, अर्थ निराळा

यंत्र बदलले म्हणून अर्थ बदलला, हे एक वेळ समजते. पण एकाच यंत्रावर, एकाच घराण्याच्या प्रोग्रॅमांतही चिन्हांचे अर्थ पालटत गेले. ओबार्स्कीच्या प्रोग्रॅमवरून इतरांनी आपापले प्रोग्रॅम बनविले. १९८९ साली नॉइजट्रॅकर आला, १९९० साली प्रोट्रॅकर. पुढे १९९४ च्या सुमारास सामान्य पीसी संगणकासाठी फिनलंडमधील मंडळींचा स्क्रीमट्रॅकर ३ आणि स्वीडनमधील मंडळींचा फास्टट्रॅकर २ हे प्रसिद्ध झाले. १९९५ साली ऑस्ट्रेलियातून इम्पल्स ट्रॅकर आला. प्रत्येकाने मागच्याचे घेतले आणि त्यात स्वतःची भर घातली. चार उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण आज्ञेच्या क्रमांकाचे. मूळ साउंडट्रॅकरमध्ये १ या आज्ञेचा अर्थ होता, तीन स्वर भराभर आलटून पालटून वाजव. नंतरच्या प्रोग्रॅमांत त्या कामाला ० हा क्रमांक मिळाला आणि १ म्हणजे स्वर चढव असे ठरले. जुनी फाइल नव्या नियमाने वाचली, तर जेथे स्वरांचा झगमगाट हवा तेथे एक लांबलचक किंकाळी ऐकू येते.

दुसरे उदाहरण एका बाइटाचे. वर सांगितलेल्या दोन सुट्या बाइटांपैकी दुसरा पाहा. साउंडट्रॅकरमध्ये तो गाण्याची गती सांगे. नॉइजट्रॅकरमध्ये तो, गाणे संपल्यावर पुन्हा कोठून सुरू करावे, हे सांगे. प्रोट्रॅकर तेथे नुसता १२७ हा आकडा टाकून मोकळा होई. बाइट एक, अर्थ तीन.

तिसरे उदाहरण शून्याचे, आणि गणिताच्या शिक्षकास ते फार आवडण्यासारखे आहे. 'स्वर चढव' या आज्ञेपुढे किती चढवावयाचा तो आकडा येतो. तो शून्य असेल तर? प्रोट्रॅकर म्हणतो, शून्य म्हणजे शून्य. काहीएक करू नये. फास्टट्रॅकर म्हणतो, शून्य म्हणजे मागे जेवढे सांगितले होते तेवढेच. एकाचे 'काही नको' ते दुसऱ्याचे 'नेहमीप्रमाणे'. चहाच्या टपरीवर या दोन उत्तरांनी किती फरक पडतो ते सर्वांस ठाऊक आहे!

चौथे उदाहरण सर्वांत घातक. एफ ही आज्ञा गतीची. प्रोट्रॅकरमध्ये दोन घड्याळांपैकी एक निवडता येत असे: एक पडद्याचे जुने, दुसरे स्वतंत्र नवे. नव्या घड्याळात एफ या आज्ञेपुढील आकडा ३२ पेक्षा कमी असेल तर त्याचा अर्थ, एका ओळीला किती टिकटिकी. ३२ अथवा अधिक असेल तर त्याचा अर्थ, मिनिटाला किती ठोके. जुन्या घड्याळात मात्र कोणताही आकडा आला तरी तो टिकटिकींचाच. आता समजा, रचनाकाराने जुन्या घड्याळावर एका ओळीस ४० हा आकडा दिला. त्याचा हेतू एवढाच, की त्या ओळीवर ४० टिकटिकी, म्हणजे ०.८ सेकंद, थांबावे. पुढच्याच ओळीवर ६ देऊन त्याने गाणे पूर्वगतीवर आणले. ही फाइल नव्या घड्याळाच्या प्लेअरने वाचली, तर त्याला ४० म्हणजे मिनिटाला चाळीस ठोके असे वाटते. सेकंदाच्या ५० टिकटिकी एकदम १६ वर येतात. पुढचा ६ हा आकडा ओळीच्या टिकटिकी बदलतो, ठोके बदलत नाही. परिणाम असा, की तेथून पुढे सारे गाणे एक-तृतीयांशाहूनही कमी वेगाने रांगत जाते. आणि दोहोंपैकी कोणते घड्याळ, हे फाइलीत कोठेही नोंदलेले नसते.

आमच्या शाळेच्या संगणकखोलीत नववीच्या मुलांपुढे अशीच एक फाइल आम्ही प्रथम नव्या घड्याळावर वाजविली. गाणे रांगू लागताच वर्ग हसू लागला. "सर, हा गाणारा झोपला वाटतं," असा अभिप्राय आला. मग घड्याळ बदलून तीच फाइल पुन्हा वाजविली. क्षणभर थांबून गाणे जेव्हा उसळून वर आले, तेव्हा हसू आपोआप थांबले. ती विसावल्याची जागा हीच त्या रचनेतली सर्वांत सुंदर जागा होती. एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे गाणं बरोबरच होतं, वाचणाराच चुकला." या लेखात आम्हांस जे सांगावयाचे आहे, ते त्या मुलीने एका वाक्यात सांगितले.

४. आपल्या संगीतातील एक दाखला

यावर कोणी म्हणेल, हे संगणकवाल्यांचे गोंधळ; आपल्या जुन्या शिस्तीच्या विद्येत असे नव्हते. तसे मुळीच नाही. १८८६ साली महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास उस्ताद मौलाबक्ष यांची गायनशाळा सुरू झाली. त्यांनी स्वरलेखनाची स्वतःची पद्धत बसविली होती. पुढे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे या दोघांच्या पद्धती सर्वत्र रूढ झाल्या. दोघेही महाराष्ट्रीय, दोघेही विष्णु, दोघांचाही हेतू एकच, की विद्या गळ्याबरोबर नाहीशी होऊ नये.

परंतु भातखंडे-पद्धतीत स्वरावर टिंब दिले तर तो तार सप्तकातला स्वर, आणि मंद्र सप्तकासाठी टिंब स्वराखाली. पलुसकर-पद्धतीत स्वरावरचे टिंब म्हणजे मंद्र सप्तक, आणि तार सप्तकासाठी स्वरावर उभी रेघ. तीच उभी रेघ भातखंडे-पद्धतीत मध्यमावर आली म्हणजे तो तीव्र मध्यम. आता एका पद्धतीत शिकलेल्या विद्यार्थ्याच्या हाती दुसऱ्या पद्धतीचे, मुखपृष्ठ फाटलेले पुस्तक पडले, तर काय होईल ते पाहा. जेथे खर्जात उतरावयाचे तेथे तो तारेत ओरडेल, आणि बंदिशीलाच नावे ठेवील. त्याला वाचविणारी गोष्ट एकच आहे: पुस्तकाच्या पहिल्या पानावरील 'चिन्हांचा खुलासा'. आपल्या थोर संगीतकारांनी ते पान आवर्जून छापले. मॉड-फाइलीत ते पान नाही. वर सांगितलेली चार अक्षरांची खूण हेच काय ते मुखपृष्ठ, आणि मूळच्या १५ नमुन्यांच्या फाइलींवर तर तेवढीही खूण नसते. अशी फाइल कोणत्या प्रोग्रॅमची हे आतल्या पुराव्यावरून ताडावे लागते.

५. यंत्र बदलले म्हणजे

अमिगाचे युग संपले. १९९४ साली कमोडोर कंपनीचे दिवाळे निघाले आणि मॉड-फाइली पीसीवर आल्या. येथे आणखी काही अडथळे होते.

अमिगाच्या फ्लॉपीवर ८८० किलोबाइट मावत, पण लिहिण्याची धाटणी अशी निराळी, की पीसीच्या सामान्य फ्लॉपीयंत्रास ती वाचताच येत नसे. दिसावयास तबकडी तीच, खाचेत बसे तीच, पण यंत्र म्हणे कोरी आहे. ज्यांनी वेळीच फाइली दुसरीकडे उतरवून घेतल्या नाहीत त्यांच्या तबकड्या आज चुंबकत्व क्षीण होऊन खरोखरच कोऱ्या होत चालल्या आहेत.

नावाचाही घोळ होता. अमिगावर फाइलीची जात नावाच्या आधी लिहीत, आडनाव आधी आणि नाव मागून असे. 'मॉड' हा शब्द प्रथम येई. पीसीवर तो शेवटी लागतो. जुन्या नावाची फाइल पाहून पीसीला ती कोणत्या जातीची हेच कळत नसे. नाव उलटे केले की झाले, पण हे ठाऊक असावयास हवे.

आकडे लिहिण्याची दिशाही उलट. ४२८ हा आकडा दोन बाइटांत लिहावयाचा तर २५६ चा एक गट आणि वर १७२. अमिगाचा प्रोसेसर मोठा भाग आधी लिहितो: १, १७२. पीसीचा प्रोसेसर लहान भाग आधी लिहितो. दिशेचे भान न ठेवता वाचले, तर ४२८ चे ४४,०३३ होतात. शिवाय नमुन्याची लांबी बाइटांत नसून बाइटांच्या जोड्यांत लिहिलेली असते. ५०० लिहिले असेल तर बाइट १,०००. हे न कळल्यास प्रत्येक वाद्य अर्ध्यावर तुटते आणि त्यापुढच्या साऱ्या वाद्यांच्या जागा सरकतात.

सर्वांत करुण प्रकार मात्र सुरुवातीच्या काही गीत-फाइलींचा. जागा वाचावी म्हणून त्यांत नमुने घातलेच नव्हते, फक्त त्यांची नावे होती. नमुने 'एसटी-०१' सारख्या निराळ्या तबकडीवर असत आणि ती सर्वांजवळ असतेच असे गृहीत होते. ती तबकडी हाताशी नसेल तर वही पूर्ण, वाद्य एकही नाही.

६. चुकाही जपाव्या लागतात

हे सारे निस्तरण्याचे काम गेली पंचवीस-तीस वर्षे काही जाणत्या लोकांनी मोठ्या चिकाटीने चालविले आहे. १९९७ साली ऑलिव्हिए लापिक यांनी बनविलेला मॉडप्लग ट्रॅकर पुढे मुक्त झाला, आणि त्यातून ओपनएमपीटी हा प्रोग्रॅम उभा राहिला. त्याचाच वाजविण्याचा भाग लिबओपनएमपीटी या नावाने इतर प्लेअरांतही वापरतात. ही मंडळी फाइल उघडताच प्रथम तिचे कूळ शोधतात. फास्टट्रॅकरच्या फाइलीत प्रोग्रॅमचे नाव लिहावयास वीस अक्षरांची जागा असते. इम्पल्स ट्रॅकरच्या फाइलीत आवृत्तीचा क्रमांक असतो. तेथे काम सोपे होते. तरीही नंतरच्या काही प्रोग्रॅमांनी स्वतःच्या फाइलींवर फास्टट्रॅकरचेच नाव घातले, म्हणून नावावरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. मॉड-फाइलीच्या बाबतीत तर तर्कानेच चालावे लागते. गाण्याची लांबी अवाजवी भरली, तर दुसरे घड्याळ लावून पाहावयाचे, अशा युक्त्या योजाव्या लागतात.

यात एक गोष्ट मोठी मार्मिक आहे. फास्टट्रॅकर २ मध्ये एक उघड चूक होती. पानातला एखादा भाग पुन्हा वाजवावा, यासाठी आरंभखूण करण्याची एक आज्ञा आहे. ती ज्या ओळीवर दिली असेल, त्या क्रमांकाच्या ओळीपासूनच पुढचे पान सुरू होई. वरच्या ओळी गाळल्या जात. आता ज्यांनी त्या प्रोग्रॅमवर गाणी रचली, त्यांनी कानाने ऐकून, ती चूक जमेस धरूनच रचली. म्हणून आजच्या प्लेअरने ती चूक सुधारली, तर गाणे बिघडते. चूक जशीच्या तशी उतरविणारा प्लेअरच खरा ठरतो. जुन्या पोथीची नक्कल करणाऱ्याने आपल्या बुद्धीने शब्द सुधारू नयेत, असा जो दंडक जाणते घालून देतात, त्याचे मर्म या उदाहरणावरून ध्यानी यावे. रचनाकाराच्या मनात काय होते, हे त्याने काय ऐकले यावरून ठरते.

७. आपल्यापुरता धडा

हे संगीत रचणारे बहुतेक जण त्या वेळी पंधरा-वीस वर्षांचे होते. रात्र रात्र जागून, चार आवाजांच्या मर्यादेत, त्यांनी जे केले त्याची खरी किंमत आज ऐकणाऱ्याच्या हाती आहे. चुकीच्या प्लेअरवर एकदा ऐकून 'बेसूर आहे' म्हणणे सोपे. पण तो निकाल रचनेवर लागत नाही, वाचनावर लागतो. जुने काही वाचताना, मग ते गाणे असो, दस्तऐवज असो की वडिलांचे पत्र असो, 'हे चुकले आहे' असे म्हणण्यापूर्वी 'आपण वाचतो आहोत ती रीत याचीच ना?' असे विचारावे. शिक्षकाच्या पेशात याहून उपयोगी प्रश्न आम्हांस दुसरा आढळलेला नाही.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची. संगणकावर मराठी लिहिण्याची सर्वमान्य पद्धत रुळण्यापूर्वी, आपल्याकडील पुष्कळ मजकूर निरनिराळ्या खासगी टंकांत बसविला जात असे. त्या फाइलींत 'क' या अक्षराच्या जागी प्रत्यक्षात एखादे रोमन अक्षर असते. टंक बदलला की अक्षर बदलते. तो टंक संगणकात नसेल, तर अहवाल, सभासदयादी, कविता, श्रद्धांजलीचे लेख सारे रोमन अक्षरांची निरर्थक रांग होऊन समोर येतात. चिन्ह तेच, अर्थ निराळा! जुन्या संस्थांच्या दप्तरी आणि आपल्या घरोघरी अशा सीडी व फ्लॉपी पडून आहेत. त्यांचे टंक ज्यांना ओळखता येतात ती माणसे आज आपल्यात आहेत. पुढच्या महोत्सवास असतीलच असे कोणी सांगावे?

तेव्हा ट्रॅकर-संगीत जपणाऱ्यांच्या अनुभवावरून चार साधे नियम आपणांसही घेता येतील.

एक : मूळ फाइल आहे तशी ठेवावी. रूपांतर करावयाचे ते तिच्या प्रतीचे करावे. मूळ कधी पुसू नये.

दोन : फाइलीबरोबर एक चिठ्ठी ठेवावी. कोणी केली, कोणत्या साली, कोणत्या प्रोग्रॅमवर, कोणत्या टंकात, एवढे चार शब्द पुरेत. वहीला जशी वाटी, तशी फाइलीला ही चिठ्ठी.

तीन : जाणता माणूस जवळ असताना ती फाइल एकदा नीट उघडून तिचे आजच्या रीतीचे रूप करून घ्यावे. गाणे असेल तर ते योग्य प्लेअरवर वाजवून त्याचे ध्वनिमुद्रण करावे. मजकूर असेल तर सर्वमान्य लिपिसंकेतात उतरवून कागदावर छापूनही ठेवावा. मात्र हे रूप मुळाशेजारी ठेवावे, मुळाच्या जागी नव्हे.

चार : फ्लॉपी, सीडी वा पेनड्राइव्ह यांपैकी एकावरच भरवसा ठेवू नये. दोन ठिकाणी, दोन माणसांकडे प्रती असाव्यात.

ही कामे मोठ्या खर्चाची नाहीत. शाळा-कॉलेजांतील आपल्या मुलामुलींनी सुटीतले चार दिवस दिले आणि वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून 'हे अमुक साली अमक्याने केले' एवढे सांगितले, तर एका महिन्यात पुष्कळ हाती लागेल. मुलांना यंत्र कळते, वडिलांना अर्थ कळतो. दोघे एका टेबलाशी बसतील तेवढा काळ फार नाही, म्हणून या सुटीतच आरंभ व्हावा, अशी आमची सर्व सभासद-बंधुभगिनींस विनंती आहे.